दोन विहिणी, एक पलंग

२४ एप्रिल, शुक्रवार

मधुराला डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं. सातवा लागलाय. काळजीचं कारण नाही म्हणाल्या, पण जिने नकोत, गाडीतले धक्के नकोत, दगदग नको. जावई फोनवर इतका हळू बोलत होता की मी हातातलं काम टाकून निघाले. टॅक्सी केली, शिवडी गाठली. बघते तर विहीणबाई आधीच पायथ्याशी बसून तिच्या तळव्यांना तेल चोळतायत. मुलगी माझी, घर त्यांचं, तेलही त्यांचंच. मी उशाशी बसले. डोकं तरी वाट्याला आलं.

विषय पुन्हा निघालाच. हॉस्पिटल परळचं, त्यावर दोघींचं एकमत. प्रश्न पुढचा. तिथून बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना कुणाच्या घरी जाणार? पहिलं बाळंतपण माहेरी. ही काही मी काढलेली टूम नाही, रीतच आहे. वि.बाईंचं (उजवा खांदा आखडलाय, यापुढे असंच लिहिणार) म्हणणं, "जुलैत तुमच्या हिंदमात्याला कमरेएवढं पानी. बालंतीन काय होडीतनं नेनार?" कोळ्यांचं घर, होडी त्यांचीच, बोलायला काय जातंय.

नायगावची आमची खोली असती तर हा प्रश्न आलाच नसता. पण चाळ पाडायला घेतली, आणि आम्ही हिंदमात्याच्या मागे भाड्याने तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नवा टॉवर होईल तेव्हा होईल. नातवंड काही थांबायचं नाही.

२६ एप्रिल, रविवार

नवीनच. प्रणीतने (जावई) चार महिन्यांपूर्वी बंदरावरच्या मोठ्या हॉटेलात दोन रात्रींची खोली घेऊन ठेवली होती. बाळ व्हायच्या आधी नवरा-बायकोने म्हणे असं चैनीत जाऊन राहायचं असतं. आमच्या वेळी बायको माहेरी जायची आणि नवरा खानावळीत. असो. आता मधुरा जाऊ शकत नाही, बुकिंग रद्द होत नाही. तर बाईसाहेबांनी पडल्या पडल्या फर्मान काढलं, "तुम्ही दोघी जा."

मी आणि विहीणबाई!

"आई, तीन महिने झाले. एकीचा फोन ठेवते तोवर दुसरी तोंड फुगवून बसलेली. मला मधे घेऊ नका. दोन दिवस एका खोलीत बसा आणि काय ते ठरवून या. तुम्ही ठरवाल ते मला मान्य."

यांना सांगितलं. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली आहेत. पेपर खाली न घेता म्हणाले, "दोन विहिणी एका खोलीत? बंदोबस्त मागवावा लागेल."

२९ एप्रिल, बुधवार

बॅग भरली. ठेवणीतली नारायणपेठ, एक साधी साडी, खांद्याचं मलम, सुईदोरा, तीन जुन्या सुती साड्या. बाळ यायच्या आधी नवं काही घरात आणायचं नाही, पण जुन्या साड्यांची दुपटी शिवायला हरकत नसते. खोलीत नुसतं एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा हाताला काम बरं.

त्या हॉटेलवरून एकतीस वर्षं बसने गेले. ऑफिस फोर्टात. सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे. आत काय असेल असं कधी वाटलंही नाही. आपलं नव्हेच ते.

खरं कारण इथे लिहून ठेवते. तिथे वि.बाईंसमोर ते माझ्या तोंडून यायचं नाही. मधुराच्या वेळी माझं बी.पी. वाढलं होतं, रजा सगळी आधीच संपली. बेचाळिसाव्या दिवशी टेबलावर हजर. मधुरा वाढली ती शेजारच्या काकूंच्या खोलीत. ती पहिल्यांदा पालथी पडली ते मला संध्याकाळी कळलं. काकू हौसेने सांगत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता. त्यांनी माझ्यावर उपकारच केले, पण राग आला तो आला.

मला हा सव्वा महिना हवा आहे. बाळासाठी हवाच, पण त्याहून मधुरासाठी. तिला माझ्या हाताने न्हाऊ घालायचंय, तिच्या केसांना धुरी द्यायचीय, ताट तिच्या पुढ्यात न्यायचंय. एवढंच. रीतभात वगैरे लोकांना सांगायला.

३० एप्रिल, गुरुवार

आलो. प्रणीतने गाडीने सोडलं. वि.बाई हिरव्या जरीच्या साडीत, गळ्यात घसघशीत सोनं, अंबाड्यावर मोगऱ्याची वेणी. मी नारायणपेठेत. हळदीला निघाल्यासारख्या दोघी. दारावरच्या फेटेवाल्याने वाकून नमस्कार केला. मी मान हलवून पुढे गेले. वि.बाई थांबल्या, त्याला हात जोडले, गाव कुठलं विचारलं, मुलं किती विचारलं. मागे चार गाड्या खोळंबल्या.

चौदावा मजला. दार उघडलं आणि मला धरणी दुभंगावी असं झालं. एकच पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. टेबलावर केक, त्यावर इंग्रजीत 'होणाऱ्या आई-बाबांचं अभिनंदन'. सामान घेऊन आलेल्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. नावं तर मधुरा आणि प्रणीतची.

वि.बाई गंभीरपणे म्हणाल्या, "आमीच ते. जरा उशीर झाला."

ते गृहस्थ बाहेर गेले आणि आम्ही हसलो. मी तर पलंगावर बसून हसले, पाकळ्यांवरच. लग्नाला चार वर्षं झाली, इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकत्र हसल्याचं आठवत नाही.

मग मानपान सुरू. "तुम्ही खिडकीकडे झोपा." "नाय, ईनबाई, तुमी." "तुम्ही मोठ्या." "तुमी पोरीची आई." (ईन म्हणजे त्यांच्याकडे विहीण.) शेवटी दोघी दोन कडांना टेकलो. मधे अख्खी मधुरा मावेल एवढी जागा.

केक गोड होता. पाकळ्या वि.बाईंनी बशीत पाणी घालून त्यात ठेवल्या. फेकवेनात. बाळंतपणाचा विषय कुणीच काढला नाही. मी म्हटलं, उद्या.

१ मे, शुक्रवार. सकाळ

जाग आली तर वि.बाई न्हाऊन-बिऊन खिडकीशी. समोर सगळं बंदर. बोटी, क्रेन, लांब उरणच्या बाजूचे डोंगर. मला सगळ्या बोटी सारख्या. त्या बोट दाखवून सांगत होत्या, ही आमच्या बाजूची, ही ससून गोदीची, ती रिकामी आली, तिच्या पोटाकडे बगा, किती वर हाय पान्याच्या. आज पुनव म्हणून पानी चढलंय. मग शिवडी दाखवली. मला धुरकट पट्टा दिसला. त्यांना त्यात घर दिसत होतं.

"वरनं असा दिसतो होय दर्या," म्हणाल्या. "आमी नेहमी खालनंच बगितला."

दोघींनी मिळून पलंग आवरला, कप विसळले, टॉवेल घडी करून ठेवले. साफसफाईला आलेली बाई दारातच थबकली. हिंदीत विचारलं, काल इथे कुणी झोपलं नव्हतं का? मला उगाच अभिमान वाटला.

नाश्ता म्हणजे लग्नाची पंगत. मी इडली, डोसा, पोहे, एक कुठलातरी परदेशी पाव, कापलेलं पपनस आणि परत डोसा. वि.बाई फिरून फिरून माशाच्या ताटाशी. झाकण उचललं, वास घेतला, ठेवलं. तिथल्या आचाऱ्याने मोठ्या अदबीने विचारलं, वाढू का? "नको बाबा," म्हणाल्या. "हा चार दिवसांमागं गेलेला हाय. तुला कुनी फसवला." त्याचा चेहरा बघण्यासारखा. मग त्याला बाजूला घेऊन कल्ला कसा बघायचा ते समजावलं. अर्ध्या तासाने आमच्या टेबलावर न मागता दोन फालुदे आले.

खरं सांगायचं तर मला मजा येते आहे. इतकी येईल असं वाटलं नव्हतं.

१ मे. दुपार

बुकिंगमध्ये जोडप्याचा मसाजही होता. तोही घेतला. सोडतो की काय! अंधाऱ्या खोलीत दोन टेबलं, मंद संगीत, सुगंधी तेल. माझा खांदा जरा मोकळा झाला. वि.बाई मात्र पालथ्या पडल्या पडल्या त्या मुलीला म्हणाल्या, "जोर लाव गो. मी काय भिंगाची हाय?" शेवटी उठून बसल्या आणि तिला शिकवायला लागल्या, बाळंतिणीची कंबर कशी चोळायची, तळहाताने कुठे दाबायचं, कुठे नाही. मिझोरामची मुलगी, मराठी ठो कळत नव्हतं, पण मन लावून बघत होती.

मी मात्र ते हातच बघत राहिले. माझ्यापेक्षा शंभरपट चांगले हात. मनात म्हटलं, आज विषय काढायचाच.

खोलीत आलो. मी दुपटी काढली, तर त्यांनीही पिशवीतून दुपटी काढली. त्याही जुन्या साड्या घेऊन आल्या होत्या. दोघी खिडकीशी बसून टाके घालत होतो आणि मी बोलून टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, लोक काय म्हणतील, वगैरे. त्यांनी जिने काढले, पाणी काढलं. मी म्हटलं, खुर्चीत बसवून चौघे वर नेतील. त्या म्हणाल्या, खाली उतरवायला कोन येनार, अग्निशामक? माझा आवाज चढला. त्यांनी सुई खोचून ठेवली.

"भांडायचं नाय. आईला इचारू."

पर्समधून एकवीरा आईचा फोटो काढला, पत्त्याएवढा, प्लास्टिकच्या कव्हरातला. कौल लावायचा म्हणाल्या. मला कौल नवा नाही. यांच्या गावी, कुडाळकडे, गुरव देवाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. देवाची उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीचे वाद, मुलींची लग्नं, सगळं तिथेच मिटतं. पण देवळात. इथे चौदाव्या मजल्यावर गुरव कुठून आणणार?

"तुमीच लावा," म्हणाल्या. "माजी बोटं जाडी."

फोटो मी आरशाला टेकवून उभा केला. बशीतल्या दोन पाकळ्या घेतल्या. एक आईच्या उजवीकडे चिकटवली, एक डावीकडे. गाऱ्हाणं त्यांनी घातलं, अगदी साधं. "आई, सून माजी, लेक हिची. बालंतपन माहेरी करायचं असंल तर उजवी दे." आणि दोघी हात जोडून उभ्या.

उजवी पडली.

वि.बाईंनी फोटो कपाळाला लावला, पर्समध्ये ठेवला. "आईने सांगितलं. संपलं." एक शब्द जास्त नाही. परत खुर्चीत बसून राहिलेले टाके घालायला लागल्या.

मला आकाश ठेंगणं झालं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं. माझी मधू माझ्याकडे येणार!

१ मे. संध्याकाळ

दुपारी एसीचं लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं.

कपाटाच्या वर एसीची जाळी आहे. एसी मधूनमधून बंद पडतो, मग गुरगुर करून चालू होतो आणि हवा थेट आरशाच्या डाव्या अंगाला येते. सकाळी मी त्याच बाजूच्या खुर्चीत बसले होते. मानेला गार लागलं, खांदा ठणकला, म्हणून उठून दुसरीकडे बसले. म्हणजे मला ठाऊक होतं. आरशाची डावी म्हणजे समोर बघणाऱ्या आईची उजवी.

फोटो तिथे मी ठेवला. मुद्दाम ठेवला का? कितीदा विचारलं स्वतःला. ठेवताना नाही आलं मनात, शपथेवर सांगते. पण हात जोडून उभी असताना गुरगुर ऐकू आली. तेव्हा आलं. "थांबा, एसी बंद करू," एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. पाकळीची कड फडफडताना बघत राहिले.

यांच्या गावी कौलात लबाडी केली तर घरादाराला लागते म्हणतात. मी देवभोळी नाही. पण देवीला फसवलं की विहिणीला, यातलं जास्त वाईट काय ते ठरवता येत नाही.

पाच वाजता लाँचमधून बंदरात फेरी होती, तीही बुकिंगमधलीच. वि.बाई लहान मुलीसारख्या पुढे जाऊन बसल्या. मला वाटलं होतं, यांचं आयुष्य पाण्यावर गेलं असणार. तर म्हणाल्या, आमच्यात बायका मासेमारीला जात नाहीत. "चालीस वर्सं धक्क्यावर लिलावाला उभी हाय, मासली इकली. दर्यात गेली ती दोनदा. घारापुरीच्या जत्रेला." मला मळमळायला लागलं तर माझं डोकं मांडीवर घेतलं, कपाळ दाबत राहिल्या. आणि आपण होऊन सांगितलं.

त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. पहिल्या वेळी माहेर नव्हतंच, बाळंतपण सासूने केलं. "तिनं माजं डोकं धुतलं. आई गेल्यावर पयल्यांदा कुनीतरी धुतलं. मी न्हाणीत बसून रडत व्हते. तिला वाटलं साबण गेला डोल्यात." हसल्या. "तवाच ठरवलं, सून आली की तिचं आपन करायचं. दोन पोरगेच झाले ना मना. पन आता आईने सांगितलंय. तुमचंच."

मी डोळे मिटूनच ठेवले. लाँच हलत होती म्हणून बरं.

२ मे, शनिवार

सांगितलं.

नाश्त्याच्या टेबलावर. आधी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाव घातला. मग म्हटलं, "जानकीबाई." (चार वर्षांत त्यांना पहिल्यांदा नावाने हाक मारली.) "काल कौलाच्या वेळी एसी चालू होता. हवा त्याच बाजूला येत होती. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

त्या बशीतला चहा पीत होत्या. कप ठेवून बशीतूनच पितात, तिथेही. सावकाश पिऊन संपवला.

"मना ठाऊक हाय."

मी हातातला पाव खाली ठेवला.

"मी मासेवाली, ईनबाई. वारा कुठनं येतो ते मना कलत नाय?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलनार व्हते. पन तुमी पाकली लावत व्हत्या ना, तुमचा हात थरथरत व्हता. बोलले, बाईला एवढं हवंय. घेऊ दे."

मला रडू आलं. भर नाश्त्याच्या हॉलमध्ये, पपनसाच्या फोडींवर. आचारी लांबून बघत होता. त्याला वाटलं असेल, आज काय शिळं निघालं. वि.बाईंनी पदराने माझं नाक पुसलं. माझं, एकसष्ट वर्षांच्या बाईचं.

मग मी म्हटलं, आता परत कौल लावू, एसी बंद करून, हवं तर खाली बागेत जाऊन.

"नाय. आईला एकदा इचारलं की इचारलं. दोनदा तिची परीक्षा बगायची नाय." आणि डोळ्यांत डोळे घालून, अगदी साधेपणाने म्हणाल्या, "आता तुमीच सांगा. तुमी सांगाल ते करू. मी तोंड फुगवनार नाय, आईची आन."

भांडल्या असत्या तर किती सोपं झालं असतं.

बारा वाजता खोली सोडली. निघताना दारावरच्या फेटेवाल्याला त्यांनी गावी फोन केलास का म्हणून विचारलं. या वेळी मीही हात जोडले.

३ मे, रविवार

घरी. जिना चढले, अठ्ठावन्न पायऱ्या. आधी कधी मोजल्या नव्हत्या. दुसऱ्या मजल्यावर टेकावं लागलं.

हे म्हणाले, "काय निकाल?"

"माझ्यावर सोपवलंय."

"मग जिंकलीस की!"

"हो ना," म्हटलं आणि कुकर लावला.

दुपारी खोलीत पाळणा कुठे बसेल ते बघितलं. कपाट सरकवलं तर बसतो. न्हाणीघर लहान आहे, पण मधुरा पाटावर आणि मी दारात, असं जमेल. नळाला पाणी सहा ते सात. खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. गेल्या जुलैत याच खिडकीतून एका माणसाला छातीएवढ्या पाण्यातून स्कूटर ढकलताना बघितलं होतं. तेव्हा मजा वाटली होती.

सगळं दिसतंय मला. मी आंधळी नाही. पण बेचाळिसावा दिवसही दिसतो. ती केबिन, ते मस्टर, ओला झालेला ब्लाउज आणि वरचे साहेब म्हणतायत, काय बाई, झालं का सगळं नीट?

५ मे, मंगळवार

काल-आज घोकंपट्टी चालू आहे. "जानकीबाई, तुमच्याकडेच राहू दे." आरशासमोर म्हणून बघितलं. 'राहू दे'पर्यंत जीभ पोचतच नाही. मग दुसरं, "ठरलं तर, मी घेऊन येते." हे सरळ येतं, पण पुढे लगेच न्हाणीत बसलेली एक रडणारी पोर दिसते आणि साबण गेला म्हणून तिचे डोळे पुसणारी सासू.

यांचा सल्ला: पंधरा-वीस दिवस इकडे, पंधरा-वीस दिवस तिकडे. पोलिसी तोडगा. ओल्या बाळंतिणीला घेऊन का कुणी दोन घरं फिरतं?

मधुराचा मेसेज. 'काय गं, दोघी गप्प कशा? भांडलात का?' मी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ तिने काय घ्यावा ते तिलाच माहीत. वि.बाईंनी बोंबील पाठवले, शेजारणीच्या हाती, साफ करून. सोबत निरोप काही नाही. टोमणा असता तरी चाललं असतं.

बोंबील उत्तम होते.

७ मे, गुरुवार

सकाळी दुपटं शिवत होते. मधुराची जुनी चादर हाताला लागली, तिच्या कॉलेजच्या वेळची, शाईचा डाग पडलेली. ती चादर फेकायची की ठेवायची यावर मी आणि हे अर्धा तास वाद घालत होतो. मग हे म्हणाले, "अगं, जिची आहे तिला विचार ना."

सुई तशीच राहिली हातात.

तीन महिने झाले. मी जगाला विचारलं, रीतीला विचारलं, दोन डॉक्टरांना विचारलं, यांच्या गावच्या जाऊबाईंना फोन करून विचारलं. वि.बाईंनी आईला विचारलं. मधुराला कुणीही विचारलेलं नाही. तुम्ही ठरवाल ते मान्य, असं ती म्हणाली आणि आम्ही दोघींनी ते खरं धरलं. आमच्या भांडणाला कंटाळून म्हणाली असेल, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. मला लाज वाटली. एकटी असते तर एवढी वाटली नसती, पण यांनी बघितलं.

आधी वि.बाईंना फोन केला. म्हटलं, मी नाही सांगणार. मधूला विचारते. ती म्हणेल तसं. पलीकडे मासळी बाजाराचा गलका. त्यांनी आधी कुणाला तरी दर सांगितला. मग म्हणाल्या, "आपन काय बाया हाव! इचारा, इचारा. मी घरी नाय ते बरंच हाय, मोकली बोलंल."

मग मधुराला लावला.

"बोल आई. ठरलं?"

"नाही. तुला विचारायचंय. तुला कुठे राहावंसं वाटतं? माझ्याकडे की तिकडे? कुणाला काय वाटेल ते सोड. मला वाईट वाटेल ते तर आधी सोड."

 मला वाटलं लाइन गेली. हॅलो, हॅलो केलं. पंख्याची घरघर ऐकू येत होती, म्हणजे होती ती तिथेच.

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"थांब हं आई. उठून बसते जरा."

पलंग करकरला. मी फोन या कानावरून त्या कानाला घेतला.